डाव्या पायाचा जोडा

३ सप्टेंबर
आज सकाळी साडेदहाला, खुरपी उलटी धरली म्हणून उत्खननावरच्या टॅम्सिनने मला सगळ्यांदेखत झापलं आणि माझं आयुष्य बदललं. कॉलेज अर्धवट सोडल्याचं पहिल्यांदाच सार्थक वाटलं. ऑल्डविक हॉलच्या तळघराची फरशी उखडलीय. खाली अख्खं खेडं: रस्ता, उंबरे, चुली. कोणे एके काळी ही हवेली बांधायला ते उठवलं होतं. मी आणि टॅम्सिन एकाच खड्ड्यात!

५ सप्टेंबर
धुराड्याच्या भिंतीत चिणलेला एक चामडी जोडा निघाला. डाव्या पायाचा. आमच्यासाठी मांस भरलेली घरची पेस्ट्री घेऊन आलेल्या गावातल्या प्रुएटबाई म्हणाल्या, त्यांच्या आजीच्याही घरात होता असा. घरात येऊ नये ते जोड्यात शिरतं आणि मागे वळता येत नाही म्हणून तिथेच अडकतं. अंधार पडायच्या आत परत ठेवा म्हणाल्या. टॅम्सिनला हसवायला मी त्यात पाय घातला. मापाचा निघाला. ती पोट धरधरून हसली.

प्रुएटबाईंनी पेस्ट्री तशीच खाली ठेवली. "पोरा, तो रिकामा नव्हता रे."

७ सप्टेंबर
टॅम्सिन उद्या डरमला, तिच्या विद्यापीठात परत जातेय. मीही येतो म्हटलं, तर लाजत हो म्हणाली. हवेत तरंगतच तळघरात उतरलो, हत्यारं आवरायला.

मागे वळताच येईना. मान वळते, पाय नाही. समोरच्या दाराने बाहेर पडलो, तर पुन्हा तळघरच.

८ सप्टेंबर, सकाळ
आणखी चार दारं. दर वेळी तोच रस्ता, जास्त लांब. पुढचं दार मी लावलं की मागच्याची भिंत होते. चुली पेटल्यात. उंबऱ्यांवर माणसं बसलीत. सरकून मला जागा करून देतात—

दुपार
टॅम्सिन. मागच्या दारापलीकडे. शोधत आलीय. ओरडलो, उघडू नकोस, इथून परत—

"नखरे पुरे, नेड. आतच येते मी."

कडी हलतेय. आली तर तीही कायमची— मान वळवली तर तिचा चेहरा तरी दिसेल. एकदाच—

नको. पुढचं दार तीन पावलांवर. मी ते लावलं की तिच्यापुढे नुसती भिंत.

शिव्या घाल मला, टॅम्सिन. पण घरी जा.

निघालो. उंबरा ओलांडला. हात मागे नेऊन दार ओढतोय, लागतच आलंय, आणि ती मला हाक—