लाइनीवरून बाबांचं नाव काढताना

बाबा, तुमचं नाव मी आज पंपांच्या डब्यांतून काढून टाकलं. एवढं लिहिलं आणि मधे उठून चहा करून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचे कपडे, चपला, सगळं कधीच कुणाकुणाला देऊन झालं. डब्यांतलं नाव मात्र तसंच राहिलं होतं. सगळं सुरळीत चाललंय तर हात कशाला लावा, असं सगळ्यांचंच झालं.

खटाटोप तुमचाच. डोंगराच्या पायथ्याच्या बागांत मोबाइलला रेंज नाही, म्हणून प्रत्येकाच्या विहिरीवर एक डबा बसवायचा, या डब्याने त्या डब्याला निरोप द्यायचा, आणि घरी बसून फोनवर पंप चालू-बंद करायचा. बसवायला आलेला माणूस त्याला मेश नेटवर्क म्हणायचा, तुम्ही लाइन म्हणायचात. अडल्यानडल्याला कुणाचाही पंप चालवता यावा म्हणून प्रत्येक डब्यात तुम्ही स्वतःचं लॉगिन साठवून ठेवलंत. ज्याचं लॉगिन चालू, त्याचं नाव फोनवर हिरवं दिसतं. कुणाला वावगं वाटलं नाही. तसंही सगळ्यांच्या गोठ्याच्या किल्ल्या आपल्याच खुंटीवर असायच्या.

सध्या संत्र्याचे ताणाचे दिवस आहेत, बहार फुटावा म्हणून सगळ्या बागांचं पाणी बंद. तुम्हाला आठवतं का, कॉलेजच्या सुट्टीत मी आले होते आणि पानं वळलेली पाहून दारातल्या एका झाडाला बादलीभर पाणी घातलं होतं? मजुरांसमोर झापलंत मला. ‘झाडाले मरायचं भेव वाटलं तवाच ते फुलते. तुह्या बादलीनं त्याचं भेवच गेलं ना!’ मी दिवसभर जेवले नव्हते. त्या झाडाला त्या वर्षी खरंच चार फुलंही आली नाहीत.

तर गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांचा मला अकोल्याला फोन आला. ‘पोरी, माह्या बागेत पाणी सुटलं. मी पंपाले हात नाही लावला. फोनात पाह्यलं तं तुह्या बाबाचं नाव, अन् ते हिरवं.’ काका भुताखेतांना हसणारे, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘माहा बहार तं गेल्यातच जमा. बाकीच्याईचा वाचव. मेलेल्या माणसाचं नाव लाइनीवर ठेवू नको.’

मला भूत वाटलं नाही, चोर वाटला, आणि त्यानेच जास्त घाबरले. तुमच्या नावाआड कुणीतरी बसलंय, त्याने नुसतं बोट लावलं तरी अख्ख्या शिवाराचं वर्ष वाया जाईल, आणि लोक नाव घेतील ते तुमचं. रजा टाकून निघाले.

आज सकाळी घरातल्या डब्याला लॅपटॉप जोडला. तुमचं लॉगिन त्या क्षणी चालू होतं, आणि ज्या फोनवरून चालू होतं तो याच डब्याला जोडलेला होता. म्हणजे घरातच. घरात आई सोडून कुणी नव्हतं.

आई देवघरापुढे बसलेली. समोर तुमचा जुना फोन. दिवाळीत मीच त्यात नवी बॅटरी घालून आणला होता, तिला तुमचे फोटो पाहता यावेत म्हणून. तिने पडद्यावर तुमच्या नावाला बोट टेकवलं आणि मग कपाळाला लावलं. नावाच्या खालीच काकांच्या पंपाचं बटण आहे.

‘आई, हे काय करून राहिली?’

‘काही नाही वं. तुह्या बाबाचं नाव सकाळी हिरवं होते. हायेत म्हणते फोन. म्हणून पाया पडतो.’

पंपाचं मी तिला सांगितलं नाही. फोन हातातून घेतला, ‘दुरुस्तीले पायजे’ म्हटलं, आणि कामाला बसले. सुरुवात नाल्यापलीकडच्या शेवटच्या डब्यापासून केली. नाव काढलेला डबा जुन्या नावाच्या डब्यांशी बोलत नाही, त्यामुळे जवळचा आधी सोडवला असता तर पुढच्यांपर्यंत वाटच उरली नसती, आणि ताण तोडून पाणी द्यायच्या दिवशी बागा कोरड्या राहिल्या असत्या. प्रत्येक डबा विचारायचा, हे नाव नक्की काढायचं का? प्रत्येक वेळी मी मागे वळून आई आली नाही ना ते पाहायची. तिला पाहण्यापुरतं वेगळं लॉगिन करून देता येईल, पण त्यावर नाव तिचं येईल. तुमचं परत चढवलं तर काकांना पुन्हा दिसेल. दिवेलागणीला घरातला डबाही झाला. बाकीच्या बागा वाचल्या, बाबा. भीती तेवढी गेली नाही, ती आता उद्या सकाळची आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मघाशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘झाला का वं फोन दुरुस्त?’

‘झाला.’

‘मंग सकाळी दिसतीन ना हे?’

मी हो म्हणाले.