आठवडाभराच्या सह्या

बुधवार, संध्याकाळ. सोलापूर.

आज श्रेयावर पुन्हा ओरडले. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून पोरगी रडत होती आणि मी पीठभरल्या हातांनी तव्यापुढून किंचाळले, "शाळेत शिकवलंय ना शांत बसायला? मग घे की श्वास!" श्वास घे म्हणून असं कुणी ओरडतं का?

तिनं डोळे पुसले आणि शाळेची वही माझ्यापुढं धरली. रोज पाच मिनिटं आई-मुलीनं सोबत डोळे मिटून बसायचं, मग पालकांनी सही करायची. मी रविवारीच अख्ख्या आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळी झाले होते. कडक भाकरीच्या ऑर्डरी असतात. तवा सोडून बसू कधी?

"आई, आज आपण बसलोय की. तुझी सही आहे बघ."

चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मलाच समजावल्यासारखं म्हणाली. मग कोपऱ्यात दोन पाट मांडले आणि एकावर डोळे मिटून बसली.

गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी भाकरी उलटली.

दुसरा पाट अजून तिथंच आहे. उद्याच्या रकान्यातही माझी सही झालेली आहे.