कर्मचारी क्रमांक २१३

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, रोज सहाला उठणं. (आज सात वीस. पहिला दिवस धरायचा नसतो.) दोन, ऑफिसचं काम घरी आणायचं नाही. तीन, बायकोला उगीच फोन करायचा नाही. लेकीचं नवं घर लावून द्यायला ती पंधरा दिवसांसाठी गेली आहे. ऑक्टोबरात गेली. घर लावायचं म्हणजे वेळ लागतोच.

सकाळी ८.०५
बायकोला फोन केला. उगीच नव्हे, साखर कुठे आहे ते विचारायला. उचलला नाही. साखर सापडली. डब्यावर तिच्या अक्षरात 'साखर' लिहिलेलं होतं.

५ मार्च, बुधवार
जगात कुठे वादळ, दंगल, बंद किंवा सत्तापालट व्हायची चिन्हं दिसली की आपल्या क्लायंट कंपन्यांना आधी सावध करायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. सव्वीस वर्षं करतोय. आज एका बेटाकडे निघालेल्या चक्रीवादळाचं वळण मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. शेजारच्या टेबलावरच्या भूकंपताईंनी कौतुकाने मान हलवली. (त्यांच्याकडे भूकंप असतात, म्हणून हे नाव.) किंवा मान अवघडली असेल. मग त्यांनी विचारलं, वहिनी कधी येणार. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. परिस्थितीचा अंदाज घेणं हा माझा धंदाच आहे.

११ मार्च, मंगळवार. दुपारी
आमच्याकडे एक चांगली सोय आहे. एखाद्या शहराला आम्ही पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा दिला, की तिथल्या क्लायंटच्या माणसांना सिस्टम आपोआप मेसेज पाठवते: आपण सुरक्षित आहात का? असाल तर १ पाठवा, मदत हवी असेल तर २.

लेकीच्या शहरात एका बिस्किट कंपनीचं ऑफिस आहे. दोनशे बारा माणसं. आज ती यादी तपासली. (अधूनमधून तपासावी लागते.) शेवटी एक ओळ रिकामी होती, तिथे बायकोचा नंबर टाकला. कर्मचारी क्रमांक २१३. सिस्टमने हुद्दा विचारला. 'सल्लागार' लिहिलं, आणि यात खोटं काहीच नाही.

३.२० ला त्या शहराला पिवळा इशारा दिला. सकाळी तिथे खरोखर धुकं होतं. ३.२४ ला तिचं उत्तर आलं: १.

जानेवारीनंतर तिने मला दिलेलं हे पहिलं उत्तर. भूकंपताईंनी विचारलं, काय झालं, हसताय का. म्हटलं, एक राजधानी शांत झाली.

१९ मार्च, बुधवार
आठ दिवस तिथे नुसतं स्वच्छ ऊन. इतकं चांगलं हवामान माझ्या पाहण्यात नाही. आज दुपारी वारा थोडा वाढला. नकाशावर बाण जेमतेम हलला, पण अनुभवी माणूस बाणाच्या पलीकडचं बघतो. पिवळा.

इशाऱ्याखाली कर्मचाऱ्यांसाठी सूचनांची जागा असते, ती एरवी वाया जाते. लिहिलं: कान झाकावेत. ज्यांचा डावा गुडघा दुखतो त्यांनी जिने टाळावेत. बाल्कनीत उभं राहून फोनवर फार वेळ बोलू नये.

उत्तर दीड मिनिटात: १. म्हणजे वाट बघत होती.

२७ मार्च, गुरुवार
तिथे निवृत्त शिक्षकांचा मोर्चा. माणसं चाळीस. त्यांतली सहा खुर्च्या घेऊन आली होती. नवख्याने दुर्लक्ष केलं असतं. पण मोठमोठी सरकारं पडली ती अशाच शांत माणसांनी पाडली, असं मी रिपोर्टात लिहिलं. नारिंगी.

सूचना: बाहेर पडताना घरच्या माणसाला कळवावं.
उत्तर चाळीस सेकंदांत. १. कळवलं नाही, पण सुरुवात आहे.

भूकंपताई स्क्रीनवर डोकावून म्हणाल्या, या शहरात अलीकडे फारच घडतंय. म्हटलं, प्रदेशच नाजूक आहे.

३० मार्च, रविवार
सुट्टी. बाथरूमचा नळ गळतो. प्लंबरला बोलावणार होतो, पण तो आला की दोन तास बोलत बसतो. म्हणून बोलवावा असं वाटलं. आला नाही. ऑम्लेट केलं, चिकटलं. दोन ताटल्या काढल्या होत्या, एक परत ठेवली.

लेकीचा फोन आला. पाच मिनिटं बोलली. आई पोहायला शिकते आहे म्हणाली, छप्पन्नाव्या वर्षी. रोज सकाळी जाते, चार मैत्रिणीही झाल्या आहेत. पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, कोण हसतंय. लेक म्हणाली, बाबा, आईच आहे. मला ओळखू आलं नाही. आमच्या घरी ती अशी हसत नसे.

हे पोहण्याचं कोणी डोक्यात भरवलं कोण जाणे. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत ती कुठे जाऊ या म्हणाली आणि मी तिथला धोका आधी सांगितला नाही, असं एकदाही झालं नाही. समुद्र म्हणाली तेव्हा भरती. डोंगर म्हणाली तेव्हा दरडी. बहिणीकडे म्हणाली तेव्हा बसचा संप. आम्ही एकदाही संकटात सापडलो नाही. एकदाही कुठे गेलोही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

संध्याकाळ फार लांबली. घर किती शांत आहे हे नळामुळे कळतं. मला ती हवी आहे. हे लिहायला हरकत नाही, रोजनिशी कोणी वाचत नाही.

९ एप्रिल, बुधवार
नीट विचार करून पाऊल उचललं. त्या शहराला लाल इशारा. कारणं: उन्हाचा वाढता ताण, शिक्षकांमधली धुसफूस, पाण्याशी संबंधित अपघातांची शक्यता. सूचना फक्त दोन. एक, पोहण्याच्या तलावापासून दूर राहावं. दुसरी तीनदा खोडून लिहिली: सर्वांनी लवकरात लवकर आपापल्या मूळ घरी परतावं.

उत्तर अकरा सेकंदांत. १.

अकरा सेकंद. एवढ्या वेळात माणसाचं फक्त मन वळतं.

१० एप्रिल, गुरुवार
रजा घेतली. घर झाडलं, पुसलं. चादरी बदलल्या. प्लंबर येऊन नळ दुरुस्त करून गेला. त्याला सांगितलं, बायको यायची आहे. तो म्हणाला, गेल्या वेळीही हेच सांगितलं होतं तुम्ही. घाईत होता, तरी त्याला चहा पाजलाच.

१२ एप्रिल, शनिवार
आली नाही. रस्त्यात असेल.

१४ एप्रिल, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बिस्किट कंपनीच्या मॅनेजरांचा फोन आला होता. आमच्या इशाऱ्यावरून त्यांची एकसष्ट माणसं आपापल्या मूळ घरी निघून गेली. कोणी आईकडे, कोणी गावी, एक जण तर दुसऱ्या देशात. उरलेल्यांना काही सुचेना. तेव्हापासून ऑफिस बंद. मॅनेजरांनी विचारलं होतं की नेमकं काय झालंय, कारण खिडकीतून त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मी म्हटलं, जीवितहानी शून्य. साहेबांनी गुडघ्याबद्दल विचारलं. कोणाचा गुडघा, असं. शेवटी म्हणाले, या शहराचा प्रत्येक इशारा यापुढे भूकंपताई तपासतील, आणि हा २१३ नंबर कोणाचा का असेना, तो यादीतून आजच्या आज काढा.

थोडक्यात, माझ्या कामाला आता स्वतंत्र सहकारी मिळाला. नंबर उद्या काढतो.

एकसष्ट माणसं घरी गेली. कोणाकोणाची आई दारात उभी असेल.

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११.१०
आज मी काहीही केलेलं नाही. तिथे खरोखरच गारपीट होते आहे. भूकंपताईंनी स्वतः तपासून नारिंगी दिला. मेसेज सगळ्यांना गेला. नंबर काढायचा राहिलाच होता.

११.१६
उत्तर आलं. २.

मदत हवी.

नियम असा की २ आला की ड्यूटीवरच्या माणसाने दहा मिनिटांत फोन करायचा. ड्यूटी भूकंपताईंची. मी म्हटलं, मी करतो. त्या म्हणाल्या, नियम तुम्हीच लिहिलाय, आपल्या नात्यातल्या माणसाला आपण फोन करायचा नाही. मला वाटत होतं, २१३ कोण हे त्यांना माहीत नाही.

११.२०
त्या आतल्या खोलीत फोनवर आहेत. मी गाडीची तिकिटं काढली. जातानाचं एक, येतानाची दोन. खिडकीजवळची, तिला खिडकी लागते. गारा लागल्या असतील. पडली असेल. तलावावर असेल. देवा, ती ठीक असू दे, पुन्हा कधी पिवळासुद्धा देणार नाही.

१२.०५
भूकंपताई आल्या त्या दोन कप चहा घेऊन. आधी बसल्या. म्हणाल्या, वहिनी सुखरूप आहेत. घरातच आहेत, लेकीच्या मांजरीला मांडीवर घेऊन गारा बघतायत.

मग मदत कसली हवी, विचारलं.

त्यांनी सांगितलं ते तसंच उतरवतो. ती म्हणाली, मी महिनाभर एकच उत्तर पाठवते आहे, की मी ठीक आहे. सुरुवातीला वाटलं, इतक्यांदा विचारतायत तर त्यांना कळेल. त्यांना कळत नाही. आता तुम्ही मदत करा, त्यांना समजावून सांगा. मी इथे ठीक आहे. मी परत येणार नाही. रागावून नाही, पण येणार नाही. आणि त्यांना कान झाकायला सांगा, त्यांना सर्दी लवकर होते.

भूकंपताई म्हणाल्या, तुम्ही आज लवकर गेलात तरी चालेल. मी म्हटलं, दोन देशांत निवडणुका आहेत. संध्याकाळपर्यंत बसलो. त्यांनी त्यांचा चहा थंड होऊ दिला आणि जागेवरून उठल्या नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ९.३०
वेळेवर ऑफिसात आलो. तिकिटं रद्द केली. यादी उघडली. २१३ वर गेलो आणि 'काढा' दाबलं. सिस्टमने कारण विचारलं. कारण दिल्याशिवाय ती नाव सोडत नाही, हीही माझीच सूचना होती. पर्याय चार. नोकरी सोडली. मृत्यू. नंबर चुकीचा. आणि चौथा: व्यक्ती धोक्याच्या क्षेत्रातून सुखरूप बाहेर पडली आहे.

पहिले तीन खरे नव्हते. बराच वेळ बघत बसलो, आणि चौथा निवडला.