एका चुलीची दोन घरं

मुक्काम शिरूर, वैशाख वद्य पंचमी, फसली तेराशे बावीस

चिरंजीव सौभाग्यवती तुळजास थोरल्या जावेचा, म्हणजे छबुबाईचा, आशीर्वाद. तू माहेरी कड्याला सुखात असशीलच; तिथं तुला माझं तोंड बघावं लागत न्हाई. तुझ्या आईचे गुडघे कसे हायत? इकडं मी धडधाकट, तुझा नवरा मात्र निम्मा झालाय. (धुळाजीदादा, बहिणीला वाचून दाखवताना काही गाळायचं न्हाई. मी दोनच यत्ता शिकले, पण गाळलेलं मला कळतं.)

खरं बोलायचं तर भांडण आपलं न्हाई, सरकारी हाय. गेल्या उन्हाळ्यात आळी जळाली तवा हैदराबादच्या सरकारनं जळालेल्यांना घरं मंजूर केली, आन कुणाला किती ते चुली मोजून ठरवायचं म्हणाले. आपण दोघी वीस वर्षं एका चुलीवर. म्हणजे दोन भावांच्या दहा माणसांना मिळून एक घर. बंकट पटवाऱ्यानंच सुचवलं, तहसिलीचे गिरदावरसाहेब मोजायला यायच्या आत वेगळी चूल मांडा. मांडली. पण गिरदावर खमका. चुलीत हात घालून म्हणाला, राख कालचीच दिसती, का म्हणून वेगळ्या झालात?

त्यासाठी आपण भांडण ठरवून ठेवलंतं. तू म्हणायचं मी जाच करते, मी म्हणायचं तू आळशी. एवढंच. तू मधीच म्हणालीस, "बाई माझ्या लेकरांच्या ताटात तळाची खरवड वाढतात." हे ठरलं न्हवतं. मग माझ्याही तोंडातून गेलं, "वीस वर्षं हिच्या हातचं गिळतोय, कुत्रं हुंगना." गिरदावराची खात्री पटली. त्यानं दोन चुली लिहून घेतल्या. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली न्हाईस.

पुढं कागद पळाले, घरं बसून राहिली. पायाचे दगड पडायच्या आत तहसिलीनं बीडला कळवलं, भिंती झाल्या. बीडनं हैदराबादला कळवलं, कवाडं लागली. (हैदराबादेत आपण दसऱ्यापासून नव्या घरात नांदतोय, आन इथं मी पोत्याच्या आडोशाला न्हात होते.) झाली एकदाची, तीही बीडच्या नकाशाबरहुकूम, पाठीला पाठ लावून. तुझं दार उगवतीला, माझं मावळतीला. तुझी चूल पेटली का न्हाई बघायला मला सगळ्या आळीला वळसा पडतो. तसा घालून आले, तर तू कवाड लावून घेतलंस. आन पंधरा दिवसांत कड्याला निघून गेलीस.

मला जुनी चूल आठवती. तू नवव्या वर्षी आलतीस, धुराला भिऊन माझ्या पदरात तोंड घालायचीस. पुढं चुलीवर तुझी भाकरी, बाजूच्या वैलावर माझं कोरड्यास, आन एवढ्या जागेत चार हात, पण एकीचा दुसरीला अडला न्हाई. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की आळीपाळीनं फुंकायचो, मग एकमेकींची काळी तोंडं बघून हसत बसायचो. भाकरी करपायची. सासूबाई ओरडायच्या, त्याचंही हसू यायचं. आता सरपण वाळलेलं हाय, धुराडं सरकारी हाय, धूर सरळ वर जातो. तोंड काळं होत न्हाई, आन झालं तरी बघायला कुणी न्हाई.

तर कामाचं. हुकूम आलाय, ज्या घरात धूर दिसणार न्हाई ते घर सरकार परत घेणार. अमावस्येला मुआयना हाय, साहेब घरोघर तपासणार. घर जाऊ नये म्हणून ये. माझ्यासाठी येऊ नको. मी माफी मागत न्हाई.

छबुबाई

ता. क. अमावस्येचं खोटं हाय. मुआयना परवाच झाला. दोन्ही चुली मीच पेटवल्या आन आळीला वळसा घालून दोन्ही दारांत मीच उभी राहिले. गिरदावरानं माझ्या धापा ऐकल्या, आन दोन्ही घरं भरली म्हणून लिहून गेला. घराला धोका न्हाई.

आणखी एक. कुत्र्याचं बोलले तेही खोटं. मधल्या भिंतीला पहारीनं भोक पाडलंय, सध्या तवा जाईल एवढं. कागदात भिंत शाबूत हाय.

धुळाजीदादा, वाचून झालं की तिला दाराशी आणा. हे पत्र देणारा म्हाळू गाडी घेऊन उभा हाय, आन गाडीत मी बसले हाय. कुणी बोलावलं न्हाई म्हणून आत आले न्हाई. ऊन लई हाय.