पडणाऱ्याला वजन नसतं

१२ फेब्रुवारी
हेडसरांनी गळ्यात मारलं! विज्ञान दिनाला अर्धा तास भाषण — 'सापेक्षतावादात गुरुत्वाकर्षण कसं आलं'. हो म्हणून बसलो. अकरा वर्षं फिजिक्स शिकवतोय, पण हे मला कधीच समजलेलं नाही. कोणाला सांगू?

१५ फेब्रुवारी
आइनस्टाईनचा १९०५ चा सिद्धांत फक्त एकसारख्या वेगापुरता. गुरुत्वाकर्षण त्यात बसेना. दोन वर्षांनी ऑफिसात बसल्या बसल्या सुचलं — छपरावरून पडणाऱ्याला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही! सुरुवात तिथून.
अश्विनीला सांगितलं. म्हणाली, "खाली आल्यावर जाणवते ना?" बायकोला विज्ञान सांगू नये.

१८ फेब्रुवारी
प्रयोग केला. ताणकाट्याला दगड अडकवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून कापसाच्या ढिगात उडी. काटा शून्यावर आला — शपथ! मी पाहिलं! पण ढीग हुकला. डावा पाय प्लास्टरमध्ये.
"एवढा मोठा ढीग, तोही हुकला?" — अश्विनी.

१९ फेब्रुवारी
पाय ठणकतो. वजन जाणवतं.

२१ फेब्रुवारी
त्या विचारापासून पुरा सिद्धांत व्हायला आठ वर्षं लागली. गणित कमी पडलं. शेवटी आइनस्टाईन जुन्या वर्गमित्राकडे गेला — मदत कर म्हणून.
संग्रामपुरात गणिताचे पक्के एकच, आमच्या कॉलेजचे उकंडराव सर. दोन वर्षं बोलणं बंद. स्टाफरूममध्ये रोज नमस्कार करायचो, ढुंकून बघायचे नाहीत. मरेन, पण विचारणार नाही.

२२ फेब्रुवारी
विचारलं.
सर लगेच घरी आले. टरबूज मागवलं. मधल्या घेरावरून देठाकडे पेनानं दोन सरळ रेघा ओढल्या.
"दोन मुंग्या समज, गोकुळ. दोघी सरळ चालल्या, तरी देठापाशी टकरल्या. कोणी ओढलं?"
"कोणीच नाही."
"मंग? जागाच वाकडी हाये बे!"
सूर्य जागा आणि काळ वाकवतो, पृथ्वी आपली सरळ चालते. अकरा वर्षांनी समजलं! डोळ्यांत पाणी आलं. पाय दुखतो म्हणालो.

२८ फेब्रुवारी
भाषण झालं. पोरं प्लास्टरला हसली, टरबुजापाशी चिडीचूप.
नंतर धीर करून विचारलं, "सर, माझा नमस्कार काऊन नाही घेतला?"
"कोणत्या बाजूनं करे तू?"
"डाव्या."
"तिकडचं दिसत नाही मले. काचबिंदू हाये. सांगू नको कोणाले, वर्ग काढून घेतील."
दोन वर्षं! आणि मी रुसून बसलो होतो.

२ मार्च
सर अकोल्याला डोळे दाखवायला तयार झाले. तोवर अकरावीचं गणित माझ्याकडे.
"मले येत नाही, सर."
"पोट्ट्यायलेही येत नाही. संगं शिका."