मर्नाची खुर्ची आणि चावणारी कुत्री

मी, ऑर्विल टॅगर्ट, वय एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा लाकूडतोड, राहणार टॅमरॅक फोर्क, ओरेगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल मेव्हणी बर्निसला शंका आहे. ती तिला माझ्या लग्नापासूनच आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी दिवंगत बायको मर्ना हिची खुर्ची माझ्याबरोबर पुरावी असे मी लिहिले होते.

१. घर व मागची नाशपातीची झाडे बर्निसला द्यावीत. मर्ना गेल्यावर आठ वर्षे ती दर रविवारी जेवण घेऊन आली. घरात खुर्च्या दोनच. मर्नाच्या खुर्चीत मी तिला एकदाही बसू दिले नाही. ती उभ्यानेच जेवली.

शेवटी म्हणाली, "ऑर्विल, माझे गुडघे गेले. आता मुकाट्याने त्या मश्रूमवाल्यांकडे चल." आमच्या ओरेगनात हे भास घडवणारे मश्रूम दुःखावर उतारा म्हणून सरकारमान्य केंद्रात, देखरेखीखाली बसून घेता येतात. जंगलात मी असल्या छत्र्या हजारो तुडवल्या. त्यासाठी अर्ज भरावा लागेल असे कधी वाटले नव्हते.

अर्जात विचारले होते, गरज पडल्यास आपला हात धरलेला चालेल का? मी ठळक 'नाही' लिहिले. लाकूडतोड्याचा हात कोण धरतो?

सकाळी दहाला केंद्रात त्या मश्रूमचा काढा प्यालो. चव ओल्या मोज्यासारखी. अकराच्या सुमारास मर्ना आली, खुर्चीसकट. मला वाटले, काहीतरी गोड बोलेल. म्हणाली, "माझ्या बहिणीला उभी ठेवतोस? लाज कशी वाटत नाही? मी काय त्या गादीत राहते?"

मी ढसाढसा रडलो. देखरेखीला बसलेल्या डेल्फीनबाईंना म्हणालो, "हात द्या हो जरा."

"ऑर्विल, तुम्ही 'नाही' लिहिलंय. आता मध्येच नाही बदलता येत. पण मी इथेच आहे." बाईंचेही डोळे भरले होते, पण नियम तो नियम. तीन तास मी स्वतःचाच बूट धरून बसलो.

दुःख गेले असे मी शपथेवर लिहिणार नाही. पण त्या रविवारी बर्निस बसून जेवली.

२. खुर्चीही बर्निसलाच. तिने ती वापरावी, जपून ठेवू नये.

३. कुत्री शेजारी क्लीटस बँडी यास द्यावी. मर्नाला पुरून परतताना तो म्हणाला होता, "आता एखादं कुत्रं पाळ." आठ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. केंद्रातून आल्यावर पाळली. चावते.

४. करवती गावच्या अग्निशमन दलाला. धार मी लावली आहे. त्यांनी हात लावू नये.

५. आजपासून, आणि अखेरच्या वेळी तर नक्कीच, जवळ जो कोणी असेल त्याने माझा हात धरावा. ऐनवेळी मी काहीही म्हणालो तरी ऐकू नये. ही लेखी परवानगी आधीच देऊन ठेवतो.

ठिकाण: टॅमरॅक फोर्क. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५.

सही: ऑर्विल टॅगर्ट

साक्षीदार:
क्लीटस बँडी (कलम तीन मान्य नाही, तरी सही करतो.)
डेल्फीन रूट (कलम पाच वाचले. सही डाव्या हाताने केली आहे. उजवा ऑर्विल यांच्या हातात आहे.)