रूपरावच्या पेशी

४ ऑगस्ट, सोमवार
वर्ध्याला एआरटी सेंटरवर. एचआयव्ही निघाला तेव्हा माझ्या सीडी फोर पेशी दोनशे दहा होत्या, आज दोनशे नव्वद. खूश होतो. तेवढ्यात बाकावर आष्टीचा रूपराव भेटला. औषध माझ्याबरोबरच सुरू झालेलं. त्याच्या पाचशे चाळीस! समुपदेशक मयुरी मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. मला नुसतं "छान". जीव जळला.
संकल्प: सहा महिन्यांत रूपरावला मागे टाकणे.

५ ऑगस्ट
मॅडमचं सांगणं: या पेशी हेल्पर, म्हणजे शरीराच्या बाकी शिपायांना कामाला लावणाऱ्या. विषाणू नेमका यांच्यातच शिरून वाढतो आणि यांनाच संपवतो. रोजच्या गोळीनं तो दबून राहतो, मग पेशी हळूहळू सावरतात. थोडक्यात, मुकादमकी. सिंदीतलं दुकान मी तसंच चालवतो, म्हणजे हा माझाच विषय. उद्यापासून अंडी, खजूर, पहाटे फिरणं.

७ ऑगस्ट
पाऊस. फिरणं सोमवारपासून.

२५ ऑगस्ट
पोळ्याला व्याही आले. त्यांना दिसू नये म्हणून बाटली दुकानात लपवलेली, आणि दुकान बंद. गोळ्या राहिल्या. बायको सुलोचना म्हणाली, जाऊन घेऊन या नं, काऊन जीवावर उदार होऊन राह्यले? तिला सांगितलं, अंडी चालू आहेत. रूपरावचं बरं आहे, त्याला व्याही नाहीत.

२ सप्टेंबर
सेंटरवर बाटली दाखवावी लागते. उरलेल्या गोळ्या मोजून किती चुकल्या ते काढतात. जास्तीच्या मी आधीच नालीत टाकल्या. हिशोब चोख! मॅडम "छान" म्हणाल्या. या वेळी जरा जोर होता.

२४ ऑक्टोबर
दिवाळीची गर्दी, गोळीचं रोज जमत नाही. गुळवेलीचा काढा सुरू केलाय. कडू म्हणजे गुणकारीच असणार. नाली आहेच.

१ डिसेंबर
एड्स दिनाचा कार्यक्रम. स्टेजवर कोण? रूपराव! भाषण काय, तर म्हणे मी तं काईच नाई केलं, रोज गोळी घेतली. याला टाळ्या! मी काढ्यावर अर्धा तास बोललो असतो.

५ फेब्रुवारी
एकशे साठ. विषाणूही भरमसाट वाढलेला. मी म्हटलं, मशीन बिघडलं. पण त्याच सेंटरवर रूपरावचा विषाणू तपासणीत सापडतसुद्धा नाही. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, तेव्हा नालीचं तोंडून निघून गेलं. त्या रागावल्या नाहीत. पेशी फार कमी झाल्यात, म्हणाल्या, आता टीबीसारखा आजार सहज गाठेल. घाबरलो. खरंच घाबरलो. बाहेर रूपराव म्हणाला, भाऊ, मी रोज आठले फोन करत जाईन, फोन चालू असतानाच गोळी घेत जाजा. उपकार नको होते. हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी
दोन आठवडे फोन बरोब्बर आठला. मीही बरोब्बर गोळी घेतली. माणूस वाईट नाही. सगळ्या पेशंटमधून त्यानं मलाच निवडलं, यातच काय ते आलं.

२० फेब्रुवारी, रात्री सव्वानऊ
आज फोन सव्वाआठला. उशीर का, विचारलं. म्हणे, नालवाडीच्या कैलासशी बोलून राह्यलो होतो, गोळीसाठी रोज पयले त्याले लावतो, मंग तुमाले. आधी कैलास? रोज? गोळी घेतली का, त्यानं विचारलं, तर तोऱ्यात हो म्हणून फोन आपटला. कैलासमध्ये असं काय आहे, या विचारात तास गेला. गोळी अजून मुठीतच आहे.